जेथें पडदे नसतात तेथील सकाळ

गेल्या दोनतीन महिन्यांत वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकीं पांचसहा पत्रांचा विषय एकच आहे. घरांतील मुलेंमुली, विशेषतः कॉलेजांत जाणाऱ्या मुली, कोरियन मालिका पाहण्यांत गढून जातात. ताट निवून जातें तरी त्यांचें लक्ष नसतें. हा छंद कसला, आणि वडीलधाऱ्यांनीं त्यास आळा घालावा कीं नाहीं, असें पत्रलेखक विचारतात. आळा घालावा असें म्हणणें सोपें आहे. परंतु पुस्तक न वाचतां अभिप्राय देणाऱ्या परीक्षकाची जी योग्यता, तीच मालिका न पाहतां बंदी घालणाऱ्या पालकाची, असें आमचें मत असल्यामुळें आम्हीं एक मालिका अथपासून इतिपर्यंत पाहण्याचें ठरविलें. निवड आमच्या नातीनें केली, आणि ती तिनें कां केली हें आम्हांस तिसऱ्या भागाच्या सुमारास कळलें.

मालिकेचें मूळ कोरियन नांव मराठींत सांगावयाचें तर 'मनोरुग्णकक्षांतही सकाळ येते' असें होईल. इंग्रजींत तिला 'डेली डोस ऑफ सनशाइन' असें नांव दिलें आहे. त्यांत मूळ नांवांतील साधेपणा हरवला आहे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजीं ती नेटफ्लिक्सवर प्रसिद्ध झाली. एकंदर भाग बारा. आमच्याकडील मालिकांत सून सासू होते, सासू पणजी होते, तरी कथानक उंबरठा ओलांडीत नाहीं. त्या मानानें ही बारा भागांची मालिका म्हणजे लघुकथाच म्हणावयाची. दिग्दर्शक ली जे-ग्यू. कथेचा आधार ली रा-हा यांची चित्रमालिका. या बाई पूर्वीं स्वतः मनोरुग्णांच्या कक्षांत परिचारिका होत्या, आणि ही गोष्ट मालिकेच्या पानापानांतून म्हणजे दृश्यादृश्यांतून जाणवते. रुग्णाच्या सामानाची तपासणी कशी होते, औषध गिळलें कीं नाहीं हें कसें पाहतात, दाराला कुलूप असतें तें कोणासाठीं, असले बारकावे कल्पनेनें सुचत नाहींत.

त्यांतला एक बारकावा सर्व मालिकेवर पसरलेला आहे. दा-उन नांवाची तिसऱ्या वर्षाची तरुण परिचारिका सामान्य औषधोपचाराच्या विभागांतून मनोरुग्णांच्या कक्षांत बदलून येते. तेथें तिला पहिली गोष्ट समजते ती अशी कीं या कक्षाच्या खिडक्यांस पडदे नसतात. रुग्णानें स्वतःस इजा करून घेऊं नये म्हणून दोरी, नाडी, लोंबतें कापड अशा वस्तू तेथें ठेवीत नाहींत. त्याचा परिणाम असा कीं रुग्णालयांतील इतर सर्व कक्षांच्या आधीं येथें उजाडतें. सावधगिरीच्या एका नियमांतून निघालेला हा अर्थ आम्हांस फार आवडला. आणि मालिकाकारांनीं तो एकदांच सांगून सोडून दिला आहे, हें अधिकच आवडलें.

दा-उनची भूमिका पार्क बो-यंग या नटीनें केली आहे. ही परिचारिका स्वभावानें अशी कीं एका रुग्णापाशीं बसली म्हणजे दुसऱ्याची वेळ चुकावी. सहकारी त्रासतात, म्हणून तिची बदली. तिच्या वरिष्ठ परिचारिका सोंग ह्यो-शिन यांचें काम ली जंग-उन यांनीं केलें आहे. २०१९ सालीं जगभर गाजलेल्या 'पॅरासाइट' चित्रपटांतील घर सांभाळणारी बाई ज्यांच्या लक्षांत असेल त्यांना हा चेहरा ओळखूं येईल. या दोघींच्या भोवतीं एकेक रुग्ण येतो, आपली कथा सांगतो आणि जातो. मालिकेचें सामर्थ्य या रुग्णांत आहे.

पहिलीच रुग्ण घ्या. ओ री-ना ही श्रीमंत घरची, सुशिक्षित, विवाहित बाई. तिला उन्माद व विषाद आळीपाळीनें येतात. उन्मादाच्या भरांत ती कक्षांत जें वर्तन करते तें पाहून प्रथम मान खालीं घालावीशी वाटते. मग हळूहळू कळतें कीं या बाईनें काय शिकावें, काय नेसावें, कोणाशीं लग्न करावें, हें सगळें आजवर तिच्या आईनें ठरविलें. आई दुष्ट आहे काय? मुळींच नाहीं. तिनें लेकीसाठीं सर्व कांहीं केलें, एवढाच तिचा अपराध. येथें आमच्या घरीं थोडा वाद झाला. आमच्या भावजयीचें म्हणणें असें कीं मुलाचें कांहीं बिघडलें कीं आईच्या माथीं मारावयाचें, ही रीत कोरियांतही आहे म्हणावयाची! हा आक्षेप निराधार नाहीं. ज्या व्याधीचीं मुळें शरीरांत, वंशांत आणि परिस्थितींत अशी तिहेरी असतात, तिचें एकच कारण दाखविल्यानें नाट्य साधतें, पण शास्त्र मागें राहतें. मात्र पुढें एका भागांत नोकरी, घर व मूल यांच्या ओढाताणींत स्मरणशक्तीच हरवून बसलेली एक आई रुग्ण म्हणून येते. तिला वाटतें आपणांस स्मृतिभ्रंश झाला. वस्तुतः तो विषादानें पांघरलेला स्मृतिभ्रंशाचा वेष असतो. तो भाग पाहून भावजयीचा राग निवळला.

यू-चान हा दा-उनचा बालमित्र. मोठ्या कंपनींतील नोकरी सोडून तो आईवडिलांच्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानांत घरपोंच माल देण्याचें काम करतो. लोक म्हणतात, पोरानें नशीब लाथाडलें. खरें कारण असें कीं कामाच्या असह्य बोजाखालीं त्यास भयाचे झटके येऊं लागले. हे झटके पडद्यावर कसे दाखविले आहेत तें सांगतों. तो बसला आहे ती जागा पाण्यानें भरूं लागते. पाणी गुडघ्याशीं, छातीशीं, मग नाकाशीं. आणि भोवतालचीं माणसें कोरडीं ठणठणीत आपापलीं कामें करीत आहेत. भयाच्या झटक्याचें वर्णन डॉक्टरांच्या पुस्तकांत अनेकांनीं वाचलें असेल, परंतु बुडणारा एकटाच आणि पाणी इतरांस दिसतच नाहीं, ही गोष्ट त्या एका चित्रानें जशी पटते तशी पानभर लक्षणांनीं पटत नाहीं. तोंडास कोरड पडणें, अंगास कंप सुटणें, उभें राहवेनासें होणें हीं लक्षणें आपण लहानपणापासून गीतेच्या पहिल्या अध्यायांत पाठ करीत आलों. तीं ज्याच्या अंगीं उमटलीं तो भ्याड नव्हता, त्या काळचा श्रेष्ठ धनुर्धर होता. तरीही घरांतल्या मुलाच्या अंगीं तींच लक्षणें दिसलीं म्हणजे आपल्या तोंडून प्रथम 'धीर धर, एवढें काय झालें' हेंच निघतें. अर्जुनाचा विषाद अध्याय होतो आणि मुलाचा विषाद नखरा ठरतो.

आपल्या जुन्या वैद्यकास हा विषय अपरिचित होता असें कोणीं समजूं नये. चरकानें उन्मादाचे पांच प्रकार सांगितले आहेत, आणि चिकित्सेच्या तीन प्रकारांत सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनास आवरणें, हा स्वतंत्र प्रकार गणला आहे. धीर देणें, सांत्वन करणें याला तेथें औषधाची पदवी आहे. (यावरून आजचें मानसोपचारशास्त्र सगळें आपल्याकडे होतेंच, असा निष्कर्ष काढणारे उत्साही लोक असतात, आम्ही त्यांच्या मंडळींत नाहीं. आगंतु उन्मादासाठीं त्याच ग्रंथांत भूतपिशाचांचीही गणना आहे.) परंतु मनाचा रोग हा रोग आहे, पाप नव्हे, ही भेदबुद्धि इतकी जुनी असतां ती आपल्या घरांतून कोठें गेली हा प्रश्न उरतोच.

ती कोठें जाते हें आम्हीं पाहिलें आहे. चाळीसएक वर्षांपूर्वीं कृष्णाकांठच्या एका गांवीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. संस्कृतांत त्याला शंभरांतले नव्वद मिळत. रूपें म्हणून दाखवितांना डोळे मिटून घेण्याची त्याची संवय होती. शाळा संपवून तो शहरांत शिकावयास गेला व वर्षाच्या आंत परत आला. मग वाड्याच्या मागल्या खोलींत तो राहूं लागला. कोणी विचारलें तर 'डोळे बिघडले आहेत' असें सांगत. पुढें दोन बहिणींचीं लग्नें ठरावयाची होतीं. त्या काळांत पाहुणे आले कीं मागलें दार लावून घेत. लग्नें झालीं. मुलाचें नांव मात्र घरांतून पुसलें गेलें तें गेलेंच. त्या घरचीं माणसें निर्दय होतीं असें आम्ही म्हणणार नाहीं. रात्रीं त्याच्या उशाशीं आळीपाळीनें बसणारीं माणसें तींच होतीं. त्यांनीं सर्व कांहीं केलें, फक्त डॉक्टरास दाखविलें नाहीं, कारण दाखविलें असतें तर लोकांस कळलें असतें.

हें आठवण्याचें कारण मालिकेंतील सो-वान. हा तरुण सरकारी नोकरीच्या स्पर्धापरीक्षेच्या तयारींत वर्षामागून वर्षें घालवितो. शेवटीं त्याचें मन परीक्षेच्या जगांतून निघून संगणकावरील खेळाच्या जगांत जाऊन बसतें. दा-उन त्याला त्या खेळांतील एक पात्र वाटते आणि तो तिला त्याच नांवानें आदरानें हांक मारतो. नट नो जे-वॉन यानें हें काम इतक्या गोडीनें केलें आहे कीं प्रेक्षकास त्याचा भ्रम संपूं नये असें वाटूं लागतें. औषधानें भ्रम संपतो. तो बरा होऊन बाहेर पडतो. आणि बाहेर त्याच्यासाठीं तीच परीक्षा, तेंच वाढलेलें वय, तींच रिकामीं वर्षें वाट पाहत असतात. कांहीं काळानें तो आपलें जीवन संपवितो.

कोरियन प्रेक्षकास यांत अतिशयोक्ति वाटली नसावी. सेऊल शहरांत नोर्यांगजिन नांवाचा भाग आहे. तेथें परीक्षार्थींच्या शिकवण्या, अभ्यासिका आणि एका माणसाच्या लहानलहान खोल्या यांची दाटी आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेंत ज्यांनीं संध्याकाळीं पांचशें पावलें टाकलीं आहेत त्यांस त्या भागाचें अधिक वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. कोरियांत २०२३ सालीं १३,९७८ माणसांनीं आत्महत्या केली. लाखामागें हें प्रमाण २७.३ पडतें, आणि संपन्न म्हणविणाऱ्या राष्ट्रांच्या संघटनेंत तें सर्वांत अधिक आहे. हे आंकडे वाचून सुस्कारा सोडूं पाहणाऱ्यांनीं घरचेही पाहावेत. भारतांत २०२२ सालीं १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. लाखामागें प्रमाण १२.४, म्हणजे कोरियाच्या निम्म्याहून कमी. परंतु राज्यवार पाहतां सर्वांत मोठा आंकडा महाराष्ट्राचा, २२,७४६. आणि देशांतील त्या वर्षींच्या एकूण संख्येंत १३,०४४ विद्यार्थी होते.

सो-वानच्या मृत्यूनंतर मालिका जें वळण घेते त्यासाठीं आम्ही तिला इतर मालिकांहून वेगळी मानतों. दा-उन रडत नाहीं. दुसऱ्या दिवशीं कामावर येते, हंसून बोलते, जणूं कांहीं घडलेंच नाहीं. सर्वांस वाटतें, पोरगी खंबीर आहे. मग ती मोडते. अंथरुणांतून उठणें, जेवणें, बोलणें सगळें थांबतें, आणि एक दिवस तिची आई तिला दुसऱ्या एका रुग्णालयांत, कुलुपबंद कक्षांत, स्वतः सही करून दाखल करते. जी रोज रुग्णांस सांगत आली कीं या आजारांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं, तिलाच आतां तेथें ठेवल्याची चीड येते. 'मी यांच्यांतली नव्हे' असें तिचें मन म्हणत राहतें. दुसऱ्याच्या रोगाविषयीं उदार असणें आणि स्वतःचा रोग कबूल करणें यांत केवढें अंतर आहे, तें हे दोन भाग दाखवितात. तेथेंच तिला रोज स्वतःविषयीं एक चांगली गोष्ट लिहून काढण्यास सांगतात. आरंभीं तिला एक ओळ सुचत नाहीं. पाढे घोटविण्यासारखा हा साधा उपाय आहे, पण आम्हां मास्तर लोकांस साध्या उपायांविषयीं आदर असतो.

आईच्या त्या सहीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कोरियांत पूर्वीं दोन पालकांची संमति व एका मानसोपचारतज्ज्ञाचें मत एवढ्यावर मनुष्यास त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करतां येई. मालमत्तेसाठीं वा भांडणापायीं आप्तांस डांबल्याचीं प्रकरणें झालीं. तेथील संविधान न्यायालयानें २०१६ सालीं ही तरतूद संविधानाशीं विसंगत ठरविली, आणि ३० मे २०१७ पासून नवा कायदा अमलांत आला; त्यानें अशा रुग्णास दोन आठवड्यांपलीकडे ठेवावयाचें तर दुसऱ्या संस्थेंतील तज्ज्ञाचेंही मत जुळावें लागतें. आपल्याकडील कायदाही त्याच सुमाराचा: मंजूर २०१७, अंमल २९ मे २०१८ पासून. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असेंच आपल्या कायद्यानें गृहीत धरावयाचें असतें. विरुद्ध कोणीं सिद्ध केल्याखेरीज त्यास शिक्षा नाहीं, उलट त्याची काळजी घेणें सरकारवर बंधनकारक आहे. पुष्कळ सुशिक्षित घरांत अद्याप पोलिसांच्या भीतीनें असा प्रसंग झांकला जातो, म्हणून हें लिहिलें.

आतां शब्दांविषयीं, तो आमचा मूळ विषय. १९०८ सालीं ब्लॉयलर नांवाच्या स्विस वैद्यानें ग्रीक धातूंवरून 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द घडविला. अर्थ, मन दुभंगणें. कोरियन लोकांनीं त्याचा शब्दशः अनुवाद करून वर्षानुवर्षें वापरला. ज्याच्या कपाळीं 'दुभंगलेला' असा शब्द लिहिला त्यास घर कोण भाड्यानें देणार व नोकरी कोण देणार? म्हणून २०११ सालीं तेथें रोगाचें नांवच बदललें. नवें नांव 'जोह्यन', म्हणजे तंतुवाद्याच्या तारा जुळविणें. तारा उतरल्या आहेत, वाद्य फुटलेलें नाहीं, हा त्यांतला भाव. (जपाननें असाच बदल २००२ सालीं केला होता.) आमच्या कोशांत अद्याप 'छिन्नमनस्कता' बसली आहे. संस्कृत शब्द कानास भारदस्त लागतो, परंतु छिन्न म्हणजे तोडलेलें, हें ज्या आईस कळतें तिला तो शब्द ऐकतांना काय वाटत असेल? तंबोरा ज्या घरांत आहे त्यांना तरी या कोरियन शब्दाची थोरवी चटकन उमगेल. हवा बदलली तरी तारा उतरतात, आणि त्यासाठीं कोणी तंबोरा माळ्यावर टाकीत नाहीं. 'वेड' हा आमचा आणखी एक शब्द. नातवंडास आपण लाडानें 'वेड्या' म्हणतों, गाण्याचें वेड भूषण समजतों, आणि तोच शब्द तिसऱ्या माणसाविषयीं हलक्या आवाजांत उच्चारतों.

वरिष्ठ परिचारिका ह्यो-शिन यांची धाकटी बहीण याच आजाराची आहे, हें मालिकेंत उशिरां कळतें. रुग्णालयांत सर्वांस आधार देणारी ही बाई घरीं बहिणीस सांभाळते. आणि शेजारपाजारचे लोक असल्या माणसांस आपल्या वस्तींत राहूं देऊं नये म्हणून एकत्र जमतात. दुसरीकडे, दा-उन बरी होऊन कामावर परतते तेव्हां रुग्णांचे पालकच तक्रार करतात कीं जी स्वतः मनोरुग्ण होती तिच्या हातीं आमचीं माणसें कशीं द्यावीं! लक्षांत घ्या, ज्यांच्या घरीं हाच आजार आहे तीं माणसें असें म्हणतात. लेखकमंडळींनीं येथें कोणास खलपुरुष केलें नाहीं, ही त्यांची सचोटी.

दोष नाहींत असें नाहीं. एका परिचारिकेभोवतीं दोन प्रेमी फिरविण्याची जरुरी नव्हती. बोटें मोडल्यावांचून चैन न पडणाऱ्या शल्यवैद्याची कथा मजेची असली तरी त्याचें प्रेमप्रकरण लांबतें. रुग्णालय इतकें स्वच्छ, डॉक्टर इतके मोकळे, आणि प्रत्येक रुग्णास ऐकून घेणारा कोणीतरी हजर, हें चित्र कोरियांतील कोणत्या रुग्णालयाचें आहे कोण जाणे. आपल्याकडे तर बाह्यरुग्ण विभागांत पांच मिनिटें मिळालीं तरी पुष्कळ. शिवाय या विषयावर मराठीनें हात घातलेलाच नाहीं असा कोणाचा समज असेल तर त्यांनीं सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) पाहावा. तारा उतरलेल्या भावास सांभाळणाऱ्या बहिणीची गोष्ट तेथें मराठी घरांतून आणि मराठी बोलींतून येते. त्याच जोडीच्या 'कासव' चित्रपटास २०१७ सालीं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालें; त्याचाही विषय विषादानें ग्रासलेला तरुण हाच.

तेव्हां पत्रलेखकांस आमचें उत्तर असें: ही मालिका मुलांस पाहूं द्यावी, आणि आपणही त्यांच्याबरोबर बसावें. संभाषण कोरियन भाषेंत असल्यामुळें खालील अक्षरें वाचावीं लागतात. चष्मा जवळ ठेवावा. रोज एकाहून अधिक भाग लावूं नये. ज्या भागांत सो-वान जातो तो रात्रीं निजण्याच्या वेळीं नको. आणि घरांत परीक्षेच्या तयारींतला मुलगा वा मुलगी असेल तर तो भाग तिनें किंवा त्यानें खोलीचें दार लावून एकट्यानें पाहूं नये, एवढी काळजी घ्यावी. घरांत कोणाच्या बोलण्यांत जगण्याचा कंटाळा वरचेवर येऊं लागला असेल, तर पाहुण्यांचा व लग्नकार्यांचा विचार बाजूस ठेवून तज्ज्ञ डॉक्टरास गांठावें. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें 'टेलिमानस' नांवाची दूरध्वनिसेवा चालविली आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहींत, रात्रीं बेरात्रीं केव्हांही चालतें, आणि मराठींत बोलतां येतें.